दोन पट्ट्यांच्या मधली जागा

पालक सभेत गेली काही वर्षे एक प्रश्न नेमाने येतो : "शाळेत कीबोर्डचा वर्ग कधी सुरू होणार?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतात. एक, पेटी आता जुनी झाली. आणि दुसरी, विजेवर चालणारे वाद्य शिकायला सोपे. पहिल्या गोष्टीवर आम्ही वाद घालणार नाही. संगीत कक्षातल्या दोन पेट्यांपैकी एकीचा भाता फाटला आहे, हे स्नेहसंमेलनाला आलेल्या सर्वांनी ऐकलेच आहे. दुसऱ्या गोष्टीवर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. शाळेची एक माजी विद्यार्थिनी लंडनला असते. दिवाळीत ती बेळगावला आली तेव्हा आपले एक वाद्य तिने आमच्या हवाली केले, आणि तुम्हांला पसंत पडले तर अशी आणखी दोन घेऊन देते, असे विश्वस्त मंडळाला कळविले. मंडळाने आम्हां दोघांना सांगितले, की सत्रभर ते मुलांना वाजवू द्या, काय होते ते पाहा आणि बैठकीआधी वार्तापत्रात लिहा.

आम्ही दोघे म्हणजे एक संगीत शिकविणारी आणि एक पदार्थविज्ञान शिकविणारा. तेव्हा लेखात सूर आणि आकडे दोन्ही येतील. विद्यार्थी मित्रांनी आकड्यांना घाबरू नये.

वाद्याचे नाव सीबोर्ड राइज. लंडनच्या रोली या कंपनीने ते २०१५ साली बाजारात आणले. लांबून पाहिले तर काळी गादीच. पट्ट्या आहेत, पण त्या लाकडाच्या नाहीत आणि एकमेकींपासून सुट्याही नाहीत. सिलिकॉनच्या एकाच अखंड पृष्ठभागावर लाटांसारखे उंचवटे आहेत, एकूण २५. म्हणजे दोन सप्तके आणि वर एक सूर. वाद्याला स्वतःचा आवाज नाही. ते संगणकाला जोडावे लागते आणि आवाज संगणकातून येतो. पाचवीतल्या एका मुलीने प्रथम बोट लावले आणि "बाई, ही मऊ आहे!" म्हणून हात मागे घेतला. खरोखर त्या मऊपणातच सगळे आहे. बोट किती जोराने पडले, पडल्यावर किती दाबले, डावीउजवीकडे किती सरकले, पुढेमागे किती गेले आणि उचलताना किती झटकन उचलले, हे पाचही वाद्याला कळते. तेही प्रत्येक बोटाचे वेगवेगळे. बोट दाबावे तसा सूर फुलतो, सरकवावे तसा तो चढतो-उतरतो. लाटांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सपाट पट्टा आहे. त्यावरून बोट ओढले, तर सा पासून पंचमापर्यंत मधली एकही जागा न गाळता जाता येते.

पेटीवर हे होत नाही. पेटीत प्रत्येक सुराला पितळेची एक जीभ असते. वारा गेला की ती आपल्या लांबी-जाडीप्रमाणे ठरलेल्या गतीने थरथरते. दोन जिभांच्या मधला सूर काढायला तिथे दुसरी जीभच नाही. भात्याने आवाज लहानमोठा करता येतो, पण तो सगळ्याच सुरांचा एकदम. पेटी ही मुळात युरोपची. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने चालवायची होती. जमिनीवर बसून एका हाताने भाता ओढता येईल असे रूप तिला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या दुकानाने दिले, आणि मग नाटक, कीर्तन, भजन करीत ती आपल्या घराघरांत शिरली. विद्वानांचा मात्र तिच्यावर राग होता. रवींद्रनाथांना ती नको होती. आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढले ते १९७१ पर्यंत. कारण हेच : आपले गाणे सुरांइतकेच सुरांच्या मधल्या वाटेवर चालते, आणि ती वाट पेटीला नाही.

आमच्या गावाला या बंदीचे फारसे काही वाटले नाही, असे म्हणायला हरकत नसावी. पं. रामभाऊ विजापुरे यांनी अनेक दशके याच बेळगावात पेटी शिकविली. २०१० साली ते गेले, तोवर त्यांच्या हाताखालून गेलेले शिष्य दूरदूर पोहोचले होते. उत्तम पेटीवाला मींडेचा भास निर्माण करतो, तो कसा, हे मुलांनी जवळ बसून पाहण्यासारखे असते. मधल्या पट्ट्यांना तो नुसता ओझरता स्पर्श करतो, त्याच क्षणी भाता किंचित सैल सोडतो, आणि ऐकणाऱ्याचा कान उरलेली वाट स्वतःच भरून काढतो. ही मोठी विद्या आहे. पण ती यायला दहा-पंधरा वर्षे जातात, आणि आमचा संगीताचा तास आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटांचा.

आता थोडे गणित. सा २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० कंपनांचा. कारखान्यातून आलेल्या कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिथला गंधार ३०२.४ च्या आसपास येतो. फरक अडीच कंपनांचा. एवढ्याने काय होते? सा च्या पाचव्या उपस्वराची १२०० कंपने आणि या गंधाराच्या चौथ्याची सुमारे १२०९.५. दोन्ही एकत्र वाजले, की सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात. नववीच्या मुलांनी हे ठोके मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मोजले आणि पाठ्यपुस्तकातला विस्पंदांचा धडा आपल्या कानांनी तपासला. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून या फरकावर उपाय शोधला, तो मोलाचा आहे. पण श्रुती नेमकी मिळाली, तरी एका श्रुतीवरून दुसरीवर घसरत जाण्याचा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न आपलाच आहे, असे मात्र समजू नये. पट्टी दाबणाऱ्या बोटाला सुरावर हुकूम हवा, ही तक्रार युरोपातही जुनी आहे. पियानोच्याही आधीचे क्लॅव्हिकॉर्ड नावाचे एक लहानसे वाद्य तिथे होते. त्यात पट्टीच्या टोकाची पितळी पात तारेला टेकलेलीच राहते. त्यामुळे बोट हलवून दाबले, तर सूर कापतो. त्याचा आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीत पोहोचू नये. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने पियानो केला. त्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो, पण हातोडी तारेवर आपटून परत आली, की बोटाचे काम संपले. पुढे पट्टी कितीही दाबा, सूर आपला आपण विझत जातो. सभागृहे मोठी झाली आणि पियानो जिंकला. जिंकला खरा, पण काहीतरी मागे राहिले, असे आम्हांला वाटते.

ते राहिलेले परत आणण्याचा खटाटोप विजेच्या वाद्यांनी पहिल्यापासून केला. मॉरिस मार्तनो हा फ्रेंच गृहस्थ चेलो वाजवीत असे, आणि पहिल्या महायुद्धात तो बिनतारी संदेशांच्या कामावर होता. १९२८ साली त्याने पॅरिसमध्ये आपले वाद्य लोकांपुढे वाजविले. उजव्या हाताच्या बोटात अंगठी, अंगठीला दोरी, आणि दोरी सरकेल तसा सूर सरकतो. पुढच्या रूपांत पट्ट्याही आल्या, पण सगळी पट्ट्यांची फळी डावीउजवीकडे हलणारी, म्हणजे बोटाच्या हेलकाव्याने सूर हलावा. डावा हात एका छोट्या खणातल्या बटणावर. तो जितका दाबेल, तितका आवाज. चेलो वाजविणाऱ्याच्या गजाचे काम तो डावा हात करतो.

कॅनडाच्या ह्यू ल केनची गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अधिक आवडेल. हा ओटावातल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणारा पदार्थवैज्ञानिक. १९४५ ते १९४८ या वर्षांत त्याने एक वाद्य तयार केले आणि त्याला 'इलेक्ट्रॉनिक सॅकबट' असे जुन्या पितळी वाद्याचे नाव दिले. पट्टी खाली दाबली तर आवाज वाढतो, बाजूला रेटली तर सूर सरकतो, आणि डाव्या हाताची बोटे आवाजाचा पोत बदलतात. आज आमच्या टेबलावरचे वाद्य जे करते, त्यातले बरेचसे त्या माणसाने ट्रान्झिस्टर बाजारात येण्याआधी, काचेच्या निर्वात नळ्यांवर केले होते. ते वाद्य कधी विक्रीला आले नाही. आता ते कॅनडाच्या संग्रहालयात आहे.

मग मधली सत्तर वर्षे काय झाले? बाजारात स्वस्त कीबोर्ड आले, आणि ते सोपे असायला हवे होते. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागावीत, म्हणून मिडी नावाची एक भाषा ठरली. फार उपयोगी भाषा. आज ज्याच्या त्याच्या संगणकात ती आहे. पण ती ठरविताना डोळ्यांपुढे पियानो होता. कोणती पट्टी, कधी दाबली, किती जोराने (० ते १२७), कधी सोडली. एवढे सांगितले की निरोप पुरा. सूर ओढायचा असेल तर बाजूला एक चाक दिलेले असते, पण चाक फिरविले, की त्या वाहिनीवरचे सगळेच सूर एकदम घसरतात. दहा माणसांच्या पंगतीत एकाने मीठ मागितले आणि वाढप्याने दहाही पानांवर वाढले, तसे. २०१८ च्या जानेवारीत एमपीई नावाची पुरवणी मान्य झाली. तिच्यात युक्ती एवढीच, की प्रत्येक सुराला स्वतंत्र वाहिनी द्यायची. सोळा वाहिन्या मूळच्या होत्याच. गोष्ट साधी, पण तिला पस्तीस वर्षे लागली.

दरम्यान काही माणसे आपल्या वाटेने चालत होती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक लिपोल्ड हाकेन यांनी कंटिन्यूअम नावाचा एक लांब मऊ पट्टा तयार केला. १९९९ पासून तो विकत मिळू लागला. त्यावर उंचवटे नाहीत, पट्ट्या नाहीत, फक्त सुरांच्या खुणा. बोट जिथे पडेल तिथला सूर. ए. आर. रहमान यांनी २००९ च्या 'दिल्ली-६' चित्रपटातल्या 'रहना तू' या गाण्यात हेच वाद्य वाजविले आहे. मुलांनी ते गाणे घरी ऐकावे आणि कुठला आवाज गळ्याचा नाही आणि तारेचाही नाही, ते ओळखून सांगावे. अलीकडे फ्रान्सच्या एक्स्प्रेसिव्ह ई कंपनीचे ऑस्मोज आले आहे. त्याच्या ४९ पट्ट्या दिसायला नेहमीच्याच, पण प्रत्येक पट्टी बाजूलाही हलते आणि तळाशी गेल्यावर आणखी दाबता येते. आतला आवाज हाकेन यांच्याच यंत्रणेचा.

आता आमच्या वर्गाकडे येतो.

पहिल्या दोन आठवड्यांत जे झाले, ते 'सोपे वाद्य' म्हणणाऱ्या पालकांनी पाहायला हवे होते. ज्या मुलांनी घरी साधा कीबोर्ड वाजविला होता, त्यांची पंचाईत सर्वांत मोठी. त्यांची बोटे पट्टीवर पडतात आणि तिथेच विसावतात. इथे विसावलेले बोट जरा कलले तरी सूर कलतो. एका मुलाने राष्ट्रगीत वाजविले आणि संपताच संगणकाचे स्पीकर बिघडले असावेत, असे जाहीर केले. स्पीकर ठीक होते. या वाद्यात चूक झाकण्याची सोयही आहे. बोट सरकले तरी सूर किती सरकू द्यायचा, हे कमीजास्त करता येते. अगदी शून्य केले तर ते साध्या कीबोर्डसारखे वागते. आम्ही ते शून्य केले नाही. मुलांनी चार दिवस कुरकुर केली.

ज्यांना लवकर जमले, ती मुले गाणारी होती. हे पाहून संगीत शिकविणारीला आनंद झाला आणि विज्ञान शिकविणाऱ्याला कुतूहल. बोट पट्टीवर पडले, की पहिला सूर वाद्य बरोबरच देते. पण तिथून निघून रिषभावरून गंधारावर जायचे, तर कुठे थांबायचे, हे वाद्य सांगत नाही. कानच सांगतो. म्हणून आम्ही नियम केला : आधी तानपुरा लावायचा, सूर गळ्यातून काढायचा आणि मगच बोट ठेवायचे.

यातून एक गोष्ट घडली, ती मंडळापुढे मांडणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. गायनवर्गातले मुलगे आठवी-नववीत गळतात. हजेरीपट पाहा : पाचवीत मुलगे आणि मुली जवळजवळ सारख्या संख्येने, नववीत मुलगा एखादाच. आवाज फुटतो, वर्गात हसे होते, आणि मूल खिडकीपाशी जाऊन बसते ते कायमचे. पेटीवर बसवावे, तर ती साथीची. आपले स्वतःचे काही म्हटल्यासारखे त्यांना वाटत नाही. यंदा आठवीतला असाच एक मुलगा, पूर्वी प्रार्थनेला पुढे उभा राहणारा आणि जूनपासून ओठही न हलविणारा, मधल्या सुट्टीत या वाद्यापाशी येऊ लागला. बाईंनी त्याला दरबारीचा कोमल गंधार दिला. हा गंधार उभा राहत नाही. तो संथ झुलतो, आणि किती झुलवायचा हे शब्दांत लिहून देता येत नाही. मुलाचे बोट आधी भराभर थरथरले, सतारीच्या जाहिरातीसारखे. मग फार खाली गेले. आठ-दहा दिवस हेच. एका दुपारी तो झुलवता झुलवता थांबला आणि म्हणाला, "बाई, आता जास्त झालं ना?" जास्तच झाले होते. पण ते त्याला आम्ही सांगितले नव्हते.

तो पुन्हा गाऊ लागला का? नाही. अजून नाही. पण तानपुरा लावताना जोडीचे सूर जुळले की नाहीत, हे आता वर्गात तोच प्रथम सांगतो.

या एका मुलावरून तीन वाद्ये घ्यावीत, असे आमचे म्हणणे नाही. उलट बाजूही लिहितो. वाद्य महाग आहे. एका वाद्याच्या किमतीत किती तरी चांगल्या पेट्या येतील. पेटी बिघडली तर गावात दुरुस्त होते. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या, सूर उतरला, भाता फाटला, तरी चार दिवसांत काम होते. सिलिकॉनची गादी फाटली, तर बेळगावात कोणाकडे जायचे? रोली कंपनी २०२१ साली आर्थिक अडचणीत येऊन तिची पुनर्रचना करावी लागली. ती पुन्हा उभी राहिली, हे चांगले झाले, पण शाळेने वीस वर्षांचा विचार करावा लागतो. आमची जुनी पेटी त्याहून अधिक वर्षे चालते आहे. शिवाय वीज गेली की संगणक बंद, आणि बेळगावच्या जुलैत वीज कधी जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागतो. आणखी एक : एका वेळी एकच मूल वाजवू शकते. चाळीस मुलांच्या वर्गात पेटी लावून सगळी गातात. याच्याभोवती चाळीस मुले नुसती उभी राहतात.

म्हणून आमचे मत असे. दाते कृपाळू आहेत, पण आणखी दोन वाद्ये नकोत. आहे ते एक ठेवावे. उरलेल्या देणगीतून फाटक्या भात्याची पेटी आधी दुरुस्त करून घ्यावी आणि एक तानपुरा घ्यावा, खरा, तारांचा. सध्या आम्ही मोबाइलमधला लावतो, आणि मुले त्याच मोबाइलवर आलेले निरोप वाचतात. 'कीबोर्डचा वर्ग' म्हणून गायनाचा तास कमी करण्याचा जो प्रस्ताव आहे, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. गाणे काढून घेतले, तर या वाद्यावर बोट कुठे थांबवायचे हे मुलांना कोण सांगणार? माजी विद्यार्थिनीला आम्ही हे फोनवर कळविले. ती हसली आणि म्हणाली, "तानपुऱ्याचे पैसे आधी पाठविते."

बैठक पुढच्या महिन्यात आहे. पालकांना काही सांगायचे असेल, तर त्याआधी कार्यालयात लेखी द्यावे; पत्र एका ओळीचे असले तरी चालेल.

तोवर वाद्य शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर संगीत कक्षात उघडे राहील. आठवी-नववीच्या मुलांना प्रथम संधी. येताना वही नको. हात धुऊन आणि नखे कापून यावे. सिलिकॉनला नखाचे ओरखडे पडतात.